रेघ म्हणजे किती?

गणिताच्या बाईंवर तिचा पहिल्यापासूनच विश्वास नव्हता.

शाळा उघडून आठवडा झाला नव्हता, तेवढ्यात मोठीने वही आणून आईसमोर ठेवली. सहावीतल्या पोरीची वही, आणि पानापानावर सह्या! दर दोन गणितांनंतर एक वेडंवाकडं वर्तुळ, त्याखाली एक ओळ, आणि ओळीखाली मोठीची नवी कोरी, शेपटीवाली सही.

"हे काय गं? वही आहे की कोर्टाचे कागद?"

"बाईंच्या वर्गात खोडरबर चालत नाही," मोठी म्हणाली. "चुकलं तर खोडायचं नाही. गोल करायचा, कुठल्या पायरीला चुकलं ते लिहायचं, आणि खाली सही करायची."

"सही कोणाची?"

"ज्याची चूक त्याची. बाईंचं चुकलं तर बाई फळ्यावर करतात." मग तिला हसू आलं. "आणि उत्तरापुढे एकक लिहिलं नाही तर ते उत्तरच नाही. नुसतं बारा लिहिलं की बाई विचारतात, बारा काय? बारा हत्ती?"

पोरीला गंमत वाटत होती. आईला नाही वाटली. लहान मुलांकडून चुकांवर सह्या घ्यायच्या म्हणजे उद्या नापास केलं की दाखवायला पुरावा तयार. पालकसभेत ती मुद्दाम पहिल्या रांगेत बसली आणि विचारलंच. बाई चाळिशीच्या, पायात कापडी बूट, बोटांना खडू. त्या म्हणाल्या, "चूक लपवायला मुलांकडे शंभर वाटा असतात. मी एक बंद केली, एवढंच." किती गोड बोलते, असं मनात म्हणून ती घरी आली आणि त्या दिवसापासून मोठीची वही रोज तपासायला लागली.

तिचा स्वभावच तसा. कॉलेजच्या ग्रंथालयात ती नोंदी करायची. चुकीच्या कप्प्यात गेलेलं पुस्तक तिला चालता चालता दिसायचं, जसं इतरांना पायाखालचा खड्डा दिसतो. धाकटा झाल्यापासून ही नजर घरात जास्तच फिरायला लागली होती. बाबा म्हणायचे, "तू ग्रंथालय सोड आणि गुप्तहेर खातं उघड. पहिला आरोपी मी, बाकीचे रांगेत." बाबांची दुपारपाळी होती. दुपारी बाराला जायचे, रात्री सगळे झोपल्यावर यायचे, त्यामुळे त्यांना रांगेतून लवकर सुटका मिळायची.

रांगेत उरायच्या मावशी.

मावशी धाकट्याला सांभाळायच्या. धाकटा सव्वा वर्षाचा. सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेपाच त्यांच्याकडे. मग त्या समोरच्या घरी काकूंच्या सासूबाईंजवळ दोन तास बसायच्या. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या, पावलांचा आवाज न करणाऱ्या. हा आवाज न करणंच तिला सतावायचं. माणूस घरात आहे आणि ऐकू येत नाही, म्हणजे काय करत असेल?

पुरळ आलं तेव्हा गोष्ट अधिकच नाजूक झाली. धाकट्याच्या पाठीवर, मानेवर लाल फोड. रात्रभर खाज, रात्रभर रडणं. डॉक्टरांनी पातळ औषध दिलं. "अडीच मिली, दिवसातून दोनदा, महिनाभर. थोडी गुंगी येईल, जास्त देऊ नका." तिने घरी येऊन टोपण बघितलं. औषध मोजायचं ते पारदर्शक टोपण, आत कोरलेल्या रेघा, सगळ्यात खालची अडीचची. मग तिने फ्रिजवर कागद लावला. अक्षर छापल्यासारखं:

औषध मीच देणार. सकाळी आठ: एक रेघ. संध्याकाळी सात: एक रेघ. बाकी कोणी हात लावायचा नाही.

मावशींनी कागद वाचला आणि मान हलवली. औषधाचं कपाट त्या दिवसापासून त्यांनी उघडलं नाही. निदान तसं दिसलं तरी नाही.

पहिली बाटली बरोबर बाराव्या दिवशी संपली. पुरळ निम्मं गेलं होतं. रविवारी तिने दुसरी आणली. नेहमीच्या दुकानात नव्हती, म्हणून पुढच्या चौकातून. कंपनी वेगळी, औषध तेच. नाव, ताकद, मुदत तिने तीनदा पडताळून पाहिली, दुकानदार वैतागेपर्यंत. जुनी बाटली टोपणासकट कचऱ्यात गेली. नव्या बाटलीवर तिने सवयीने लिहिलं: उघडली, सोमवार सकाळ.

आणि मंगळवारपासून काहीतरी बिघडलं.

मंगळवारी दुपारी दोनला तिने फोन केला. "काय करतोय?"

"झोपलाय," मावशी म्हणाल्या.

"आत्ता? तो तर एकला उठतो."

"आज नाही उठला."

बुधवारी पुन्हा तेच. संध्याकाळी ती घरी आली तर धाकटा जमिनीवर बसून एका चमच्याकडे बघत होता. नुसता बघत होता. एरवी चमचा दिसला की आपटून घर डोक्यावर घेणारं पोर! तिने त्याला उचललं, टाळ्या वाजवल्या, चेहरा वाकडा केला. तो हसला, पण उशिरा, दुसऱ्या गावाहून निरोप आल्यासारखा.

"दिवसभर असाच आहे का?"

"आज जरा मंदच होता," मावशी पिशवी उचलत म्हणाल्या. "दूध प्यायला नीट."

दूध प्यायला नीट! तिच्या डोक्यात ते वाक्य अडकून बसलं. दुधात काय होतं, हे कोण सांगणार?

गुरुवारी सकाळी आठला औषध देताना तिचं लक्ष पातळीकडे गेलं. चौथाच दिवस आणि बाटली अर्ध्यावर आलेली. तिने बाटली उजेडात धरली. बारा दिवस पुरणारी बाटली चौथ्या दिवशी अर्धी रिकामी कशी होईल? ती दोनदा देते. म्हणजे आणखी कोणीतरी देतंय. दुपारी. पोर शांत राहावं म्हणून.

तिने नेहमीप्रमाणे रेघेपर्यंत औषध भरलं, धाकट्याला पाजलं आणि कामावर गेली. पण कुठलं काम! तीन पुस्तकं चुकीच्या कप्प्यात तिने स्वतःच्या हाताने ठेवली. साडेबाराच्या सुमारास फोन वाजला. शाळेचा नंबर, गणिताच्या बाई. तिने कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. खोडरबराचं पुराण ऐकायची ही वेळ नव्हती. एकला तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

स्वतःच्याच घराचं कुलूप तिने चोरासारखं उघडलं. आत शांतता. धाकटा झोपलेला, तोंड उघडं, मूठ सैल. मावशी खिडकीशी बसून त्याचे धुतलेले लंगोट घडी करत होत्या.

"लवकर आलात, वहिनी?"

तिने सरळ कपाट उघडलं, बाटली काढली, आणि थबकली. बाटलीच्या कडेला कागदी पट्टी चिकटवलेली होती, आणि त्या पट्टीवर पेन्सिलच्या बारीक रेघा. एकाखाली एक. काही एकेरी, काही दुहेरी. रोज घाईत बाटली धरताना, आज सकाळी उजेडात धरतानाही, ती कड तिच्या तळव्याखाली झाकली गेली होती.

 खुणा! किती काढलं याच्या खुणा. कदाचित तेवढंच पाणी भरायला. हे काम एका दिवसाचं नव्हतं, हे ठरवून केलेलं होतं.

"या रेघा कोणी मारल्या?"

मावशींनी बाटलीकडे बघितलं. "मला काय माहीत? मी त्या कपाटाला हात लावत नाही. तुम्हीच कागद लावलाय ना."

"मग घरात दुपारी आणखी कोण असतं?"

"वहिनी, तुम्हाला काय म्हणायचंय ते स्पष्ट म्हणा."

"मला एवढंच म्हणायचंय की पोर तीन दिवस गुंगीत आहे, औषध दुप्पट संपतंय, आणि मी घरात नसते."

मावशी उठल्या. हातातला लंगोट त्यांनी पूर्ण घडी केला, बाकीच्यांवर ठेवला, वरून हात फिरवला. "चार पोरं सांभाळली मी लोकांची. मला रडण्याचा कंटाळा नाही येत. रडणाऱ्या पोराला मी कडेवर घेते, औषध नाही देत."

"उद्यापासून येऊ नका."

त्यांनी चपला घातल्या. दारात थांबून म्हणाल्या, "उठला की पाणी द्या आधी. झोपेतून उठला की तहानलेला असतो." आणि गेल्या. जिन्यातही पावलांचा आवाज नाही.

तिने दार लावलं, पण गप्प बसवेना. समोरच्या काकूंचं दार वाजवलं आणि सगळं सांगून टाकलं. काकूंनी गालावर हात ठेवला. "अगं बाई! आणि मी सासूबाईंच्या गोळ्यांची डबी त्यांच्याच हातात देते. बरं झालं सांगितलंस. मी आजच दुसरी बघते." घरी परतताना तिला हलकं वाटलं. आपण एका म्हाताऱ्या बाईला वाचवलं, असंही क्षणभर वाटलं.

चारला मोठी आली. दप्तर खांद्यावरच, श्वास लागलेला, जिना पळत चढलेली.

"आई, तू घरी? बरं झालं. तू फोन का नाही उचललास? बाईंनी दोनदा केला. मावशी कुठायत?"

"गेल्या. आता येणार नाहीत."

"का?"

"मोठ्यांच्या गोष्टी आहेत. हातपाय धू."

पण मोठीची नजर टेबलावरच्या बाटलीवर गेली. "माझी बाटली बाहेर का काढलीस?"

"तुझी?"

"म्हणजे माझ्या रेघा आहेत ना त्यावर."

तिने बाटली उचलून पट्टी पुन्हा बघितली. "तुझ्या रेघा?"

मोठीने दप्तरातून प्रकल्पाची वेगळी वही काढली, आईच्या रोजच्या तपासणीत कधी न आलेली. बोलता बोलता पानं उलटत होती. बाईंनी मागच्या शनिवारी प्रकल्प दिला होता: घरातली रोज कमी होणारी एक वस्तू निवडा, किती दिवस पुरेल याचा अंदाज लिहा, आठवडाभर मोजा, शुक्रवारी वही दाखवा. घरी कोणाला सांगायचं नाही, कारण सांगितलं की घरचे लोक वेगळं वागतात. कोणी दंतमंजन घेतलं होतं, कोणी साबण. हिने औषध घेतलं, कारण बाटली चौकोनी, वरपासून खालपर्यंत सारखी, मोजायला सोपी.

"हे बघ. बाटलीत साठ मिली. औषधाची उंची बहात्तर मिलिमीटर. डॉक्टरकाका म्हणाले अडीच मिली, मी होते ना तेव्हा. म्हणजे दर वेळी तीन मिलिमीटर उतरायला हवं. आणि उतरतंय सहा."

पान नीटनेटकं आखलेलं होतं. सोमवार सकाळी औषधानंतर सहासष्ट. दुपारी चारला सहासष्ट. संध्याकाळी औषधानंतर साठ. मंगळवारी चोपन्न, चोपन्न, अठ्ठेचाळीस. बुधवारी बेचाळीस, बेचाळीस, छत्तीस. आज सकाळी तीस. प्रत्येक आकड्यापुढे न चुकता मिलिमीटर.

त्याखाली वर्तुळ, आणि मोठीचं अक्षर: माझी चूक असेल. पट्टी शून्यापासून धरली नसेन. पुन्हा मोजलं, तेच आलं. सही. त्याखाली आणखी एक: भागाकार चुकला असेल. पुन्हा केला, बरोबर आहे. सही. आणि बुधवारचं तिसरं: माझं काय चुकतंय कळत नाही. बाईंना विचारणार. सही.

तिने तीनही सह्या वाचल्या. अकरा वर्षांची पोर तीन दिवस स्वतःची चूक शोधत होती.

"आज बाईंना दाखवलं," मोठी म्हणाली. "बाई म्हणाल्या, ही चूक तुझी नाही, आता शुक्रवारची वाट बघू नकोस, घरी जाऊन लगेच सांग. म्हणून फोन केला त्यांनी."

"सकाळी आणि दुपारी चारला आकडा तोच," ती पुटपुटली.

"हो ना. म्हणून दुहेरी रेघ. दिवसभर कमी होतच नाही. तू देतेस तेव्हाच होतं." मोठीने हे आरोपाच्या सुरात म्हटलं नाही. बेरीज सांगावी तसं म्हटलं. "आई, तू रेघेपर्यंत भरतेस ना?"

"एक रेघ. रोज एकच रेघ!"

"पण रेघ म्हणजे किती?"

टोपण तिने स्वतःच हातात घेतलं. जुन्यापेक्षा मोठं होतं. आत निळ्या रंगाच्या ठसठशीत रेघा, आणि सगळ्यात खालच्या निळ्या रेघेशी आकडा: पाच. तिने टोपण खिडकीशी नेलं, तिरकं धरलं. निळ्या रेघेच्या खाली, निम्म्यावर, एक बिनरंगाचा कोरलेला कंगोरा होता. बोट फिरवलं तर लागायचा, नाहीतर दिसायचाही नाही. अडीच.

सात वेळा. सात वेळा तिने स्वतःच्या हाताने पोराला दुप्पट पाजलं होतं. आज सकाळी तर दुसऱ्यावर संशय घेत घेत.

तिने डॉक्टरांना फोन लावला आणि आकडा मोठीने वहीतून वाचून दाखवला. डॉक्टरांनी तो पुन्हा एकदा वाचायला लावला. मग म्हणाले, "उठवून बघा. हाक मारल्यावर बघतोय? दूध घेतोय?" धाकट्याने डोळे उघडले, आईकडे बघितलं, आणि पाणी दिलं तर घटाघटा प्यायला. तहानलेला होता. "मग घाबरू नका. आज संध्याकाळी देऊ नका. श्वास जड वाटला किंवा उठेनासा झाला तर लगेच आणा, नाहीतर सकाळी आणून दाखवा. आणि बाई, दिवसाला नेमकं किती गेलं हे मला बहुतेक आईबाप सांगू शकत नाहीत. कोणी मोजलं?"

"मुलीने," ती म्हणाली.

फोन ठेवून ती खुर्चीवर बसली. मोठी उभीच होती. वही उघडी, पेन तयार.

"आता काय?"

"आई, चूक सापडली की लिहायची असते." मोठी जरा घुटमळली. "पण ही माझी नाहीये."

खोडता येणार नाही अशा पेनाने तिने वर्तुळ काढलं. लिहिलं: टोपण बदललं, मी रेघ बघितली, आकडा बघितला नाही. खाली सही केली. नोंदवहीत रोज शंभरदा करते तीच सही, पण या वेळी एकेक अक्षर सावकाश काढलं.

त्याच कागदावर भागलं असतं तर बरं होतं. पण समोरच्या दारामागे तिने टाकलेली गोष्ट जिवंत होती. धाकट्याला कडेवर घेऊन ती गेली. काकू म्हणाल्या, "अगं, झालं ते झालं, पण मी त्यांना फोनवर नाही म्हणून सांगितलं की! आणि खरं सांगू, एकदा मनात आलं ना..."

"मनात मी आणलं, काकू. ते काढायला पण मीच आले. मावशींनी काही केलं नाही. दिलं ते मी दिलं."

काकूंनी तिच्याकडे जरा वेगळ्याच नजरेने बघितलं. आता ही नजर तिच्यावर होती, तिच्या हातांवर, कडेवरच्या पोरावर. नकोशी होती, पण तिने ती राहू दिली.

मावशींचं घर दोन गल्ल्या पलीकडे, गाड्यांच्या टायरच्या दुकानावरची एक खोली. मोठी वही छातीशी धरून बरोबर चालत होती. मावशींनी दार उघडलं, पण उंबऱ्यातून बाजूला झाल्या नाहीत.

तिने सांगितलं. सगळं, क्रमाने, टोपणासकट. मावशी धाकट्याकडे बघत ऐकत राहिल्या. तो हात पुढे करून त्यांच्याकडे झेपावत होता. त्यांनी लगेच घेतला नाही.

"मला आधी विचारायचंत," त्या म्हणाल्या.

"विचारलं असतं तरी मी विश्वास ठेवला नसता."

"तेही खरंच." मग म्हणाल्या, "लिहून द्या."

"काय?"

"हेच. तोंडाने तुम्ही काकूंना एक सांगितलंत, आता दुसरं सांगाल. उद्या तिसऱ्या घरी कोणी काही म्हणालं तर मी काय दाखवू? वही तर पोरीची आहे."

तिला वाटलं, ही बाई आपल्यावर संशय घेतेय. मग वाटलं, का घेऊ नये? मोठीने वहीच्या मागच्या बाजूचा सुटा कागद दिला. ती भिंतीला टेकवून लिहायला लागली: मावशींनी औषधाला हात लावला नाही. अडीचऐवजी पाच मीच दिलं, सात वेळा...

"आई," मोठी हळूच म्हणाली. "पाच काय?"

तिने मान वर केली. मावशींच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं. हसू असेल, नसेलही. तिने मिलिलिटर लिहिलं, दोन्हीकडे. तारीख लिहिली. सही केली. मावशींनी कागद वाचला, पुन्हा वाचला, चार घड्या घातल्या आणि पर्समधल्या चेनच्या कप्प्यात ठेवला. मगच धाकट्याला घेतलं.

"येणार का?" तिने विचारलं.

"बघते."

शुक्रवारी ती डॉक्टरांकडे जाऊन आली. धाकटा ठीक होता. दवाखान्यात त्याने चमचा आपटून डॉक्टरांचं टेबल दणाणून सोडलं. फ्रिजवरचा कागद तिने काढला आणि नवा लावला: अडीच मिलिलिटर. निळ्या रेघेच्या खालचा कंगोरा. खिडकीत धरून बघणे. मोठीने वाचून त्याला पास केलं. शनिवार, रविवार तसेच गेले. काही निरोप नाही.

सोमवारी सकाळी आठला ती खिडकीशी उभी राहून टोपणात औषध ओतत होती, तेव्हा बेल वाजली, साडेआठच्या आधीच. मोठीने दार उघडलं. चपला काढल्याचा आवाज नाही, पावलांचाही नाही. मावशी तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या तेव्हाच तिला कळलं.

"दाखवा," मावशी म्हणाल्या.

क्षणभर तिची मान ताठ झाली. मग तिने टोपण उजेडात तिरकं धरलं, दोघींना दिसेल इतक्या उंचीवर, आणि मावशींचं बघून होईपर्यंत हात हलू दिला नाही.